फवारणीच्या ड्रोनचा विमा उतरवला. शेजारच्या वावराचे काय?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात कृषी सेवा केंद्रांच्या दारावरच्या ‘ड्रोनने फवारणी करून मिळेल’ या पाट्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. मजूर वेळेवर मिळत नाही, केळी डोक्याच्या वर गेली की पाठीवरच्या पंपाची फवार पानांवर पोचत नाही, आणि दहा लिटर टाकीचा ड्रोन एका एकराचे काम काही मिनिटांत आटोपतो. त्यामुळे हा धंदा वाढणार आहे आणि तो वाढावा, असेच माझे मत आहे. मी जिल्ह्यातील न्यायालयांत प्रामुख्याने मोटार अपघात भरपाईचे दावे चालवणारा वकील असून अलीकडे ड्रोनमालकही आपल्या पॉलिसीचे कागद वाचून घ्यायला येतात. ते वाचून झालेली अस्वस्थता आपल्या दैनिकामार्फत मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. या व्यावसायिकांनी यंत्राचा विमा उतरवलेला असतो. परंतु हे यंत्र ज्याच्या डोक्यावरून आणि बांधावरून उडते, त्याच्या नुकसानीची सोय मी पाहिलेल्या बहुतेक पॉलिसींत एक तर तोकडी आहे किंवा मुळीच नाही.

कायदा याबाबत मोघम नाही. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांतील नियम ४४ असे सांगतो की, ड्रोनच्या थर्ड पार्टी (म्हणजे तिऱ्हाइताच्या नुकसानीच्या) विम्याला आणि ड्रोनमुळे जीविताची वा मालमत्तेची हानी झाल्यास द्यावयाच्या भरपाईला १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील तरतुदी आवश्यक त्या फेरफारांसह लागू होतील. यातून सूट फक्त २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला आहे. फवारणीचा ड्रोन टाकी भरल्यावर २५ किलोच्या आसपास जातो, म्हणजे त्याला सूट मिळण्याचा प्रश्नच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने हरकतींसाठी खुल्या केलेल्या नागरी ड्रोन विधेयकाच्या मसुद्यातही विमा सक्तीचाच ठेवलेला असून भरपाईचे दावे मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे देण्याची योजना आहे. तरीही व्यवहारात फरक असा पडतो की, विना विमा ट्रक निघाला तर तो कोणत्या ना कोणत्या नाक्यावर अडतो, शिवारात उडणाऱ्या ड्रोनला मात्र अडवून कागद विचारणारे कोणी नसते. कागद पहिल्यांदा पाहिला जातो तो कर्जाच्या किंवा अनुदानाच्या फाइलसाठी, आणि त्यानंतर एकदम अपघात झाल्यावर.

मोटारीशी ड्रोनचे हे जे साम्य कायद्याने जोडले आहे, ते पॉलिसीच्या कागदावर कुठे तुटते ते सांगतो. मोटारीच्या थर्ड पार्टी विम्यात मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला पॉलिसीत कमाल आकडा टाकलेला नसतो. न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनी भरते. ड्रोनच्या पॉलिसीत मात्र जबाबदारीची मर्यादा मालकाने निवडायची असते, आणि हप्ता कमी बसावा म्हणून ती सहसा कमीच निवडली जाते. मी वाचलेल्या एका पॉलिसीत ती १० लाख होती आणि मालकाला ती भरपूर वाटत होती. आता समजा, ड्रोन अंगावर कोसळून २८ वर्षांचा, महिन्याला १५ हजार रुपये मिळवणारा, घरात चार-पाच जण अवलंबून असलेला तरुण दगावला. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिलेल्या सूत्राप्रमाणे, स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात पुढील वाढीपोटी ४० टक्के मिळवले जातात, म्हणजे २१ हजार झाले. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता १५ हजार ७५० उरले. वर्षाचे १ लाख ८९ हजार, आणि त्या वयाचा १७ हा गुणक लावला की रक्कम ३२ लाख १३ हजार होते. अंत्यविधीसारख्या ठरलेल्या बाबींची रक्कम आणि व्याज वेगळे. कंपनी १० लाखांवर हात झटकून मोकळी होणार आणि उरलेले २२ लाख ड्रोनमालकाच्या घरावर, वावरावर बोजा म्हणून चढणार. हे कोणालाही घाबरवण्यासाठी लिहीत नाही; ही रोजच्या दाव्यांतली साधी आकडेमोड आहे, आणि मर्यादा निवडताना ती कोणी मालकासमोर करून दाखवत नाही, इतकेच.

तथापि, यंत्र अंगावर पडणे ही क्वचितची गोष्ट आहे. खानदेशात खरी नुकसानी होणार आहे ती वाऱ्यावर वाहून गेलेल्या औषधाने. मागच्या एका खरिपात आमच्या तालुक्यात मक्याच्या वावरात तणासाठी टू-फोर-डी मारले गेले. दुपारी वारा फिरला आणि औषधाचे तुषार बांधापलीकडच्या कपाशीवर गेले. कपाशी या तणनाशकाला किती नाजूक असते हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आठवडाभरात शेंड्याची नवी पाने अरुंद होऊन भेंडीच्या पानासारखी फाटली, शिरा जवळजवळ आल्या, पाते (कपाशीच्या कळ्या) गळू लागले आणि बांधाकडच्या ओळींत ते सर्वांत जास्त, आत जावे तसे कमी, असा पट्टाच दिसत होता. मी तो बांधावर उभा राहून पाहिला आहे. ड्रोनमालकाकडे चालू पॉलिसी होती, पायलटकडे प्रमाणपत्र होते, यंत्राला युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, होता. दावा टाकला, आणि कंपनीचे उत्तर आले की, ही घटना पॉलिसीत बसत नाही.

उत्तर संतापजनक वाटले तरी पॉलिसीच्या भाषेप्रमाणे चुकीचे नव्हते. ड्रोनचा विमा हा विमान विम्याच्या घराण्यातला, आणि त्या घराण्यात ‘एव्हीएन ४६ बी’ नावाचे एक जुने, ठरीव कलम आहे, जे ध्वनी आणि प्रदूषण यांपासून झालेले नुकसान वगळते. अपवाद एवढाच की, ते नुकसान यंत्र कोसळल्यामुळे, आग वा स्फोटामुळे, टक्कर झाल्यामुळे किंवा उड्डाणातील नोंदवलेल्या आणीबाणीमुळे झाले असेल तर ते धरले जाते. प्रवासी विमानासाठी हे कलम समजण्यासारखे आहे. परंतु ज्या यंत्राचे कामच रसायन हवेत सोडणे हे आहे, त्याच्या पॉलिसीत ते जसेच्या तसे चिकटवले की परिणाम उफराटा होतो: ड्रोन धाडकन शेजारच्या वावरात कोसळून टाकी फुटली तर भरपाई, आणि ड्रोन व्यवस्थित उडून, व्यवस्थित उतरून शेजारची चार एकर कपाशी जाळून गेला तर काही नाही. फवारणीच्या धंद्यात दुसरा प्रकारच नेहमीचा. अमेरिकेत विमानाने फवारणी करणारे व्यावसायिक रसायनाच्या जबाबदारीचे वेगळे संरक्षण जादा हप्ता भरून घेतात, ही तिथली रूढ पद्धत आहे. म्हणजे ही जोखीम विमा कंपन्यांना अपरिचित नाही. आपल्याकडच्या विक्री प्रतिनिधीला ती विचारली तर तो कॅमेरा, बॅटरी आणि रात्रीच्या उड्डाणाचे जादा संरक्षण दाखवतो.

त्या कपाशीवाल्याला पीक विमाही कामाचा नव्हता. पीक विमा योजनेत टाळता येण्यासारख्या, माणसाच्या कृतीने ओढवलेल्या नुकसानीला जागा नाही, आणि केळी उत्पादकांचा फळपीक विमा तर तापमान, वारा अशा हवामानाच्या निकषांवरच चालतो, ज्याच्या तक्रारी आपल्या दैनिकाच्या वाचकांना वेगळ्या सांगायला नकोत. शेवटी गावातल्या चार जाणत्यांनी दोघांना समोरासमोर बसवले आणि ड्रोनमालकाने त्या हंगामातली बरीचशी कमाई देऊन विषय मिटवला. तो मिटला याचे समाधान आहे, पण हीच गोष्ट निर्यातीच्या केळीबागेबाबत घडली, शेजारून आलेल्या औषधाचा अंश तपासणीत सापडला आणि माल नाकारला गेला, तर तो हिशेब कोणत्याही गावबैठकीच्या आवाक्यातला नसेल.

जबाबदारी नेमकी कोणाची, हाही प्रश्न त्या बैठकीत तासभर घोळला. औषध शेतकऱ्याने दुकानातून आणलेले, मात्रा त्याने सांगितलेली, यंत्र एकाचे, पायलट रोजंदारीवर दुसऱ्याकडून आणलेला. कायद्याच्या दृष्टीने उड्डाण करावे की थांबावे हा निर्णय ज्याच्या हातात, त्याच्यावर आणि त्याला कामाला लावणाऱ्यावर जबाबदारी प्रथम येते; पण औषधाची निवड आणि मात्रा शेतकऱ्याची असेल तर तो पूर्ण सुटत नाही. म्हणून पावतीच्या मागे चार ओळी लिहून घ्याव्यात असे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: औषधाचे नाव, मात्रा कोणी ठरवली, चारही बांधांवर कोणते पीक उभे आहे, आणि वारा वाढल्यास काम थांबवण्याचा अधिकार पायलटचा. ज्या वावरात फवारणी चालू आहे त्याच पिकाचे नुकसान झाले तर ते थर्ड पार्टीत बसेलच असे नाही, कारण ते पीक कामासाठी तुमच्या ताब्यात दिलेले होते असा युक्तिवाद होतो. हेही आधी विचारून घ्यावे.

तसेच पायलटसोबत बॅटऱ्या बदलायला, औषध कालवायला जो पोरगा असतो तो थर्ड पार्टी नव्हे. पात्याने त्याची बोटे तुटली तर थर्ड पार्टी विमा त्याच्या कामाचा नाही. तो तुमचा कामगार आहे आणि त्याची भरपाई १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली मालकाला द्यावी लागते. त्याचा वेगळा विमा निघतो आणि ड्रोनच्या किमतीच्या मानाने त्याचा हप्ता किरकोळ असतो. मला भेटलेल्या ड्रोनमालकांपैकी फार थोड्यांनी तो घेतलेला आहे.

आता बचत गटांविषयी. नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटाला ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये अर्थसाहाय्य मिळते, १५ दिवसांचे प्रशिक्षण मिळते आणि संचासोबत एक वर्षाचा सर्वंकष विमा व दोन वर्षांचा देखभाल करार येतो. योजना चांगली आहे. परंतु विमा पहिल्या वर्षाचा आहे आणि यंत्र त्यानंतरही उडणार आहे. दुसऱ्या वर्षीच्या हप्त्याची तरतूद गटाच्या हिशेबवहीत कोणी धरून ठेवली आहे का, नूतनीकरणाची तारीख कोणाच्या लक्षात आहे, हे गटाला विचारणारे कोणीच नाही. बहुसंख्य गट ही नोंदणीकृत कंपनी किंवा संस्था नसते. त्यामुळे मोठी भरपाई निघाली तर ती गटाच्या खात्यापुरती थांबेल या भरवशावर राहू नये. ज्या बाईने कधी ड्रोनचा रिमोटही हातात धरला नाही, केवळ महिन्याची बचत भरली, तिलाही नोटीस येऊ शकते. ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या तालुका कार्यालयांनी आपल्या भागातील ड्रोन असलेल्या गटांच्या पॉलिसीच्या तारखा एका कागदावर लिहून ठेवल्या तरी निम्मे काम होईल.

लग्नसराईतल्या चित्रीकरणाबद्दल थोडक्यात. केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, तरी आडमार्गाने आलेली यंत्रे वरातींवर घिरट्या घालताना दिसतात. अशा यंत्राला नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून पॉलिसी नाही. काही छायाचित्रकार २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन घेतात आणि आपल्याला काहीच लागू नाही असे समजतात. सूट विमा काढण्यापासून आहे, भरपाई देण्यापासून नाही. मांडवात लहान मुलाच्या डोळ्याला पाते लागले तर तो खर्च पूर्णपणे छायाचित्रकाराच्या खिशातून जाईल. सारंगखेड्याच्या यात्रेत लाखमोलाचे घोडे उभे असतात, आणि तिथे ड्रोनच्या आवाजाने बिथरलेल्या घोड्याने कोणाला तुडवले तर पॉलिसी असूनही वर सांगितलेले ध्वनीचे कलम आडवे येईल, हे यात्रेचे चित्रीकरण घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आणि शिवाजीनगरच्या सौर प्रकल्पासारख्या ठिकाणी पाहणीचे काम घेणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. तिथे काम देणारी कंपनीच विम्याची मर्यादा करारात लिहून घेते. त्यांनी फक्त करारातील ‘सर्व नुकसानीची हमी कंत्राटदाराची’ हे वाक्य आणि पॉलिसीतील आकडा शेजारी ठेवून वाचावा.

पॉलिसी असूनही दावा जाण्याचे आणखी एक कारण म्हणजे उड्डाणच बेकायदा असणे. सुरू विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरपर्यंतचे आकाश रेड किंवा यलो झोनमध्ये, म्हणजे बंदीच्या किंवा निर्बंधाच्या पट्ट्यात, येते आणि तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडे इतर ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. जळगाव विमानतळामुळे कुसुंब्याची शिवारेच नव्हे, तर शहराच्या वस्त्याही या गणितात येतात. भुसावळ, वरणगावच्या आयुध निर्माणींच्या आसपास तर नकाशा पाहिल्याशिवाय रिमोट हातात घेऊच नये. शिरपूर भागात प्रशिक्षण विमाने उडतात, आणि २०२१ मध्ये त्यांतले एक आमच्याच तालुक्यातील वर्डी शिवारात कोसळले होते. आकाशात आपण एकटेच आहोत असे समजण्याचे कारण नाही. नियमभंगाचा १ लाखापर्यंतचा दंड आणि निष्काळजीपणाने जीव धोक्यात घातल्याचा भारतीय न्याय संहितेखालील गुन्हा, यांचा भार कोणतीही पॉलिसी उचलत नाही.

अपघात झाला तर ४८ तासांच्या आत नागर विमानन महासंचालनालयाला ऑनलाइन कळवावे लागते. विमा कंपनीला त्याहून लवकर कळवलेले बरे. ड्रोनमध्ये उड्डाणाची सगळी नोंद असते, उंची, वेग, मार्ग, वेळ. मोटार अपघाताच्या दाव्यात आम्ही टायरच्या खुणांवरून जे सिद्ध करण्यासाठी झगडतो ते इथे यंत्रच सांगते. पण नोंद पुसली किंवा नवीन प्रणाली टाकताना गेली, तर न्यायाधिकरण त्याचा अर्थ मालकाच्या विरुद्धच लावील. ज्याचे पीक बिघडले त्याने पाने पिवळी पडून गळण्याची वाट न पाहता सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) पंचनामा, तारखेसह छायाचित्रे आणि फवारलेल्या औषधाच्या डब्याचे लेबल हाती घ्यावे. दावा न्यायाधिकरणापुढे नेताना मोटार वाहन कायद्यातील सहा महिन्यांची मुदत आडवी येऊ शकते, म्हणून थांबू नये.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने ड्रोन फवारणीची जी कार्यपद्धती घालून दिली, तिच्यात किमान २४ तास आधी ग्रामपंचायत व कृषी अधिकाऱ्यांना सूचना देण्याची अपेक्षा आहे. खानदेशातील तिन्ही जिल्ह्यांच्या कृषी विभागांना माझी विनंती आहे की, ही सूचना स्वीकारताना चालकाकडून नोंदणी क्रमांक, पायलटचे प्रमाणपत्र आणि पॉलिसीचे पहिले पान यांची प्रत घ्यावी, आणि रसायनामुळे होणारे नुकसान त्या पॉलिसीत आहे की नाही हा एकच रकाना वेगळा ठेवावा. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी भाड्याने ड्रोन लावताना एकरी दराइतकीच चौकशी या रकान्याची करावी. सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी फवारणीच्या ड्रोनसाठी प्रदूषणाचे कलम शिथिल करणारे जादा संरक्षण, त्याच्या हप्त्यासह, मराठीत छापून खरिपाच्या आधी कृषी सेवा केंद्रांपर्यंत पोचवावे. कपाशीची पेरणी मे अखेर-जूनमध्ये होते. तणनाशकाची फवारणी त्यानंतर लगोलग सुरू होईल, आणि पॉलिसीत बदल करून घ्यायला मधले तेवढेच दिवस हाती आहेत.

आपला,
एक वकील वाचक,
चोपडा, जि. जळगाव